बाजारचा दगड : गोव्यात घडलेल्या एका शब्दाची कथा

पोटात खडा होणे ही आज व्याधी. चार शतकांपूर्वी मात्र इराणी रानबोकडाच्या पोटातला खडा गोव्यात मोठ्या मोलाने विकला जाई. जठरात न पचलेले एखादे बी वा केसांचा पुंजका अडकला की त्यावर क्षारांचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चढत जातात. हा गुळगुळीत खडा विषावरचा उतारा मानला जाई. फारसीत तो ‘पादजहर’. ‘पाद’ म्हणजे रक्षणारा. ‘जहर’ तर आपल्या घरचेच झालेले. अरबीच्या वाटेने पोर्तुगीजांनी त्याचे ‘बेझार’, ‘बेझोआर’ केले.

अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार केलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. हा शब्द ‘पाझन’ म्हणजे रानबोकड यावरून आला, असे तो सांगतो (ही व्युत्पत्ती आता मानली जात नाही). पुढे तो लिहितो की, येथील लोक नाव आणखी बिघडवून त्याला ‘बाजारचा दगड’ म्हणतात. ओर्ताला हा अपभ्रंश वाटला. मला त्यात जिवंत लोकभाषा दिसते. अनोळखी ध्वनीला लोकांनी ओळखीचा अर्थ दिला, आणि तो देण्यासाठी वापरलेला ‘बाजार’ही मुळात फारसीच!

असे फारसी शब्द आपल्याकडे रुजण्यात बहमनी, आदिलशाही राजवटींचा वाटा मोठा. ओर्ताच्या काळी पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांकडे नव्हती. ती आदिलशाहीत होती, पुढे सावंतवाडीकर भोसल्यांकडे गेली आणि १७८० नंतरच्या दशकात गोव्याला जोडली गेली. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुली हिशेबात फारसीऐवजी देशी भाषा आणली, त्या दप्तरांतही फारसी शब्द उरलेच. आजची सीमारेषा या शब्दांना ठाऊक नव्हती.

‘बाजारचा दगड’ हे नाव पुढे वेगळ्याच अर्थाने खरे ठरले. खरा खडा दुर्मीळ आणि महाग, म्हणून सतराव्या शतकात गोव्यातील जेझुइटांनी तो हातांनी घडवायला घेतला. गास्पार आंतोनियु या धर्मबंधूचे नाव त्याच्याशी जोडले जाते. खड्यांची पूड, कस्तुरी, अंबर, शिंपले, रत्नांचा चुरा एकत्र मळून गोळे वळीत आणि वर सोन्याचा वर्ख लावीत. युरोपातील धनिक हा ‘गोव्याचा दगड’ सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवीत आणि थोडासा खरवडून पेयातून घेत. १७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकलण्यात आले.

मराठीत या कुळातला ‘जहरमोहरा’ शब्द आला. ‘गोरोचन’ मात्र निराळे: शब्द संस्कृत, आणि खडा गुरांच्या पित्ताशयातला.