खंडेनवमीची गिरणी

माझे आजोबा घरातही चढ्या आवाजात बोलायचे. मुंबईच्या गिरणीत, साचेखात्यात म्हणजे विणकामाच्या खात्यात हयात गेलेली. शेकडो साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नसे, म्हणून कामगार एकमेकांचे ओठ वाचत.

एरवी गिरणीचं दार आमच्या घरच्यांना बंद, पण खंडेनवमीच्या पूजेला बायकापोरांना आत सोडत. आत्या अजून सांगते: साचे पुसून लख्ख केलेले, वर झेंडूच्या माळा आणि रंगीत पताका, जॉबरपासून बदली कामगारापर्यंत सगळे धुतल्या कपड्यांत. आजोबांनी तिच्या हातात आडवं सूत नेणारा धोटा दिला आणि नवी कांडी भरली की काय करायचं ते दाखवलं. धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि श्वासाने सूत बाहेर ओढायचं. सुताबरोबर तूसही छातीत जायचं. आजोबांचा खोकला तिथूनच आला, असं आजी म्हणायची.

याच ओठांचं निमित्त करून दलित कामगारांना साचेखात्यापासून दूर ठेवलं होतं. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड कसं लावायचं, ही सबब. साचेखात्यात पगार जास्त, म्हणजे विटाळाची झळ थेट त्यांच्या पोटाला. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. आजोबांनी हे आमच्यापासून कधी लपवलं नाही, आणि गिरणीची गोष्ट सांगणाऱ्या कुणीच ते लपवू नये.

दुसरी पाळी सुटली की चाळीच्या गच्चीवर तालीम सुरू व्हायची. भजन, नमन, दशावतार. ज्याच्या गावात जे, ते त्याने सोबत आणलेलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभं राहिलं ते याच वस्तीच्या बळावर. कवी नारायण सुर्वेही गिरणीतून आलेले. गिरणगावाला कला बाहेरून आणून द्यावी लागली नाही, तिला फक्त जागा कमी पडत आली.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या कितीतरींना पुन्हा आत जाता आलं नाही. मग प्रश्न उरला जमिनीचा. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी ठेवला होता. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. जिथे शेड उभ्या होत्या ती जमीन हिशेबातूनच गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. फिनिक्स मिलचा मॉल झाला. चिमणी तेवढी राहिली.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं काम महापालिकेने हाती घेतलं, याचा मला मनापासून आनंद आहे. साचे तिथे जपलेच पाहिजेत. पण काचेमागचा धोटा बघून माणूस अर्ध्या तासात घरी जातो. मला हवं आहे ते तालमीसाठी एक आख्खं, रिकामं खातं. गिरणीचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. त्याच्या उत्तरेकडच्या काचांतून ऊन येत नाही, उजेड तेवढा येतो. तुटलेला धागा दिसावा म्हणून केलेली ही सोय चित्रकाराला आणि नाचणाऱ्या पोरांनाही तितकीच उपयोगी. जमीन जड यंत्रांसाठी बांधलेली, तिच्यावर शंभर ढोल वाजले तरी काय होणार आहे?

भाडं मात्र वस्तीतल्या मंडळांना परवडेल असं हवं, आणि त्याचा कारभार बघणाऱ्या समितीत गिरणी कामगारांच्या घरातली माणसं हवीत. तालमीची वेळ संध्याकाळी सहाला संपवू नका. इथली पोरं आता मॉलमध्ये आणि ऑफिसांत पाळीनेच कामाला जातात, आणि त्यांचीही दुसरी पाळी रात्री उशिराच सुटते.