स्पायडरमॅनच्या डोक्यावरच्या रेषा

यंदा स्मरणिकेसाठी 'काहीतरी ऐतिहासिक लिहा' असा कार्यकारिणीचा निरोप आला. शिवकाल-पेशवाईवर लिहिणारे जाणकार आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. माझा अभ्यास एकाच विषयाचा : कॉमिक्समधले महावीर आणि त्यांच्यावर निघालेले व्हिडिओ गेम. मंडळी हसतील, हसोत.

हा नाद लावला इंद्रजाल कॉमिक्सने. टाइम्स समूहाने १९६४ साली ती सुरू केली, १९९० साली ती बंद पडली. मराठीतही निघत. सुटीत पुण्याला गेलो की परतताना मामा पिशवीत चार अंक घालून देई. इकडे मराठी अक्षर दुर्मीळ, म्हणून वेताळाचे एकेक पान आम्ही पुरवून पुरवून वाचत असू. कुठल्या चौकटीवर किती वेळ रेंगाळायचे, हे सर्वस्वी आमच्या हाती.

स्पायडरमॅन मला उशिरा भेटला. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात त्याला आणले. त्याला संकटाची आगाऊ चाहूल लागते. पण चाहूल चित्रात दाखवायची कशी? डिटको त्याच्या डोक्याभोवती नागमोडी रेषा काढू लागले. गंमत अशी, की त्या रेषा धोका आहे एवढेच सांगत. कुठे आहे, ते सांगत नसत. मग वाचक थबके आणि चौकटीचे कोपरे धुंडाळू लागे.

१९८२ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने अटारी २६०० या यंत्रासाठी स्पायडरमॅनचा गेम काढला. जाळे फेकत इमारत चढायची, बाँब निकामी करायचे, आणि जाळ्याचा द्रव सतत संपत चाललेला! कोपरे धुंडाळायला सवड कुठली? कॉमिकमध्ये वेळ वाचकाचा होता, इथे तो यंत्राचा झाला.

पुढे २००९ साली ब्रिटनच्या रॉकस्टेडी कंपनीचा 'बॅटमॅन : अर्कहम असायलम' आला. माझ्या मते या प्रकारातला तो मैलाचा दगड. त्यात मारायला येणाऱ्या गुंडाच्या डोक्यावर खूण चमकते. चमकली की बटण दाबायचे. डिटकोच्या रेषाच जणू, फक्त नायकाच्या डोक्यावरून शत्रूच्या डोक्यावर गेलेल्या. शिवाय 'डिटेक्टिव्ह मोड' होता. तो लावला की भिंतीपलीकडची माणसे सांगाड्यांसारखी दिसतात, बंदूकवाले वेगळ्या रंगात. सोय इतकी उत्तम, की पुष्कळ खेळणाऱ्यांनी तो मोड कायमचा चालूच ठेवला. चित्रकारांनी खपून रंगवलेले ते अर्कहम त्यांनी धड पाहिलेच नाही! त्यावर टीकाही झाली. २०१८ सालच्या इन्सोम्नियाक कंपनीच्या स्पायडरमॅनमध्ये रेषा पुन्हा त्याच्या डोक्यावर आल्या, पण अर्थ एकच : आत्ता बटण दाब.

माझा मुलगाही तो मोड लावूनच खेळे. मी त्याला बोलत असे खरा, पण मला तो अधिकार नव्हता. कारखान्यात कंट्रोल रूमला असताना एका रात्री पॅनेलवर लाल दिवा नाही, म्हणून मी निर्धास्त चहा पीत होतो. खालून फिटर धावत आला, "साहेब, पंपाचा आवाज बदललाय." पंप वेळेवर बंद केला म्हणून निभावले. तो आवाज मला तासभर ऐकू येत असणार. दिवा लागल्याशिवाय ऐकायचे असते, हेच मी विसरलो होतो.

अर्कहमच्या सर्वांत कठीण पातळीवर मात्र डोक्यावरच्या त्या खुणा दिसतच नाहीत. गेल्या दिवाळीत मुलगा घरी आला, तेव्हा मी हट्टाने तीच पातळी लावली आणि पहिल्याच मारामारीत तीनदा हरलो. तो शेजारी सरकून बसला आणि पडद्याकडे बोट करून म्हणाला, "बाबा, डोकं नका बघू. त्याचा खांदा बघा, आधी खांदा उचलतो."