सेलच्या घड्याळाचं साल

जुन्या बाजारात सिकोचं सेलचं घड्याळ हाती आलं, तर तबकडीच्या झळाळीवर जाऊ नये. आधी ते पालथं करावं. मागच्या झाकणावर दोन क्रमांक कोरलेले असतात. एक जोडक्रमांक, उदाहरणार्थ ७५४८-७०००: पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार केसचे. दुसरा सहा जागांचा अनुक्रमांक, आणि साल दडलेलं असतं ते त्यात. पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. दुसरी जागा महिन्याची: सप्टेंबरपर्यंत १ ते ९, मग ऑक्टोबरला ‘ओ’, नोव्हेंबरला ‘एन’, डिसेंबरला ‘डी’. म्हणजे ‘२एन’ने सुरू होणारं घड्याळ नोव्हेंबरातलं, हे नक्की. पण १९७२च्या, १९८२च्या की १९९२च्या? महिना चोख सांगायचा आणि दशक मात्र गुलदस्त्यात ठेवायचं! पुढच्या पिढीतल्या हौशी संग्राहकांची काळजी कारखान्याने का करावी म्हणा.

दशक हवं तर मशीनचं घराणं शोधावं लागतं, आणि सेलच्या मशीनचं घराणं सुरू होतं ते स्फटिकापासून. स्फटिकावर दाब दिला की त्यात वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक या क्युरी बंधूंनी १८८०मध्ये दाखवलं. १९२७मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकावर घड्याळ चालवलं, पण ते प्रयोगशाळेतून हलवण्याजोगं नव्हतं. तिथून मनगटापर्यंत यायला बेचाळीस वर्षं लागली. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सिकोचं ‘ॲस्ट्रॉन’ विक्रीला आलं. किंमत साडेचार लाख येन. तेवढ्यात टोयोटाची कोरोला गाडी दारात आली असती. त्यातला स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळा कंप पावायचा. ही संख्या तेरा वेळा निम्मी केली की उरतो एक, आणि त्या एका ठोक्यावर सेकंदकाटा एक पाऊल पुढे पडतो. स्विस लोकांचं ‘बीटा २१’ १९७०मध्ये आलं. कंपनं तेवढीच, पण काटा ठोके न देता सरकत जायचा. पुढे ३२,७६८ कंपनांवर बहुतेकांचं एकमत झालं. तिथे निम्मं करायचं पंधरा वेळा. आजची स्वस्तातली घड्याळंही याच आकड्यावर चालतात.

आता आपलं ७५४८. पाणबुड्यांसाठीच्या घड्याळातलं हे मशीन १९७८मध्ये आलं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मागे पडलं. १९८६पासून त्याची जागा ७सी४३ने घेतली. त्यामुळे १९७२ बाद, १९९२ही बाद. आपलं घड्याळ नोव्हेंबर १९८२चं. आपल्याकडच्या घड्याळांनाही हाच न्याय लावता येतो. टाटा आणि तमिळनाडू सरकारचं महामंडळ यांनी टायटन उभी केली १९८४मध्ये, म्हणून कोणी ‘आजोबांचं १९७५चं टायटन’ दाखवू लागलं तर आजोबांबद्दल आदर ठेवून घड्याळ परत द्यावं.

एवढं करूनही फसगत होते, कारण झाकण निघतं. दर दोन-तीन वर्षांनी सेल बदलायचा म्हणजे झाकण उघडायचं, आणि कारागिराच्या टेबलावर एकाच वेळी चार घड्याळं उघडी पडलेली असतात. अदलाबदल व्हायला कितीसा वेळ! तेव्हा अनुक्रमांकातून निघालेलं साल हे खरं तर झाकणाचं साल. मशीनचा क्रमांक आत मशीनवरच असतो, आणि तबकडीच्या तळाशी, सहाच्या खाली, बारीक अक्षरांतही तो छापलेला असतो. झाकण, मशीन आणि तबकडी या तिघांचं जमलं तरच साल मानावं. तबकडीचा तरी काय भरवसा? मुंबईत नव्याने रंगवलेल्या भडक तबकड्यांची घड्याळं जगभर जातात आणि परदेशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाकं मुरडतात. त्यांत बहुतेक चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळं असतात हे खरं, पण सेलवालीही सुटलेली नाहीत. पुसट, वेडीवाकडी बारीक अक्षरं दिसली की समजावं.

माझा जास्त विश्वास आहे तो कारागिरांच्या ओरखड्यांवर. सेल बदलला की काही जण झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार हत्याराने तारीख खरडून ठेवत. तिथे १९८४ दिसलं, की घड्याळ त्याआधीचं हे ठरलं. अर्थात, तेही झाकणच.