सुरतेचा नक्षाबंद

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. त्या स्वाऱ्यांविषयी पुष्कळ बोलून झाले आहे. ज्या मालावर सुरतेची श्रीमंती उभी होती त्या कापडाकडे, आणि विशेषतः कापडावरील नक्षीकडे, आपले लक्ष मात्र क्वचितच जाते. डिझाइनचे विद्यार्थी आज संगणकाच्या पडद्यावर जे शिकतात, त्याचा एक जुना धडा या शहरातील किनखाबाच्या मागांवर गिरविला गेला होता. आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

किनखाब विणताना नेमक्या वेळी नेमके उभे धागे उचलावे लागत. मागावर बसलेला एक पोरगा दोऱ्या ओढून ते उचली. पण कोणत्या दोऱ्या ओढावयाच्या, हे त्याला सांगणार कोण? ते काम नक्षाबंदाचे. कागदावर काढलेले फूल तो लहानशा चौकटीत सुताने बांधून घेई. चौकटीतील उभे सूत म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. हा नक्षा मागाच्या दोऱ्यांना जोडला की पोराने क्रमाने एकेक सूत ओढीत जावयाचे. धागा एक तर वर किंवा खाली. तिसरी गत नाही. विद्या बापाकडून मुलाकडे जाई, वही नव्हती. (आपल्या पैठणीला असा नक्षा लागत नाही, तेथे विणकर छोट्या छोट्या कांड्यांनी फूल हातानेच भरतो.) सुरतेची तनछोई तर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, तीन पारशी भाऊ चीनमध्ये छोई नावाच्या गुरूकडून शिकून आले, म्हणून ‘तन’ आणि ‘छोई’.

१८०४ साली फ्रान्समधील ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्डने हेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपविले. भोक असेल तेथे धागा उचलला जाई, नसेल तेथे तो राही. पोरगा गेला, आणि हळूहळू नक्षाबंदही गेला. त्या पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत होलेरिथच्या यंत्रांनी भोकांची पत्रे वाचली. संगणकाने कापडाच्या धंद्यात प्रवेश केला असे आपण म्हणतो. खरे पाहता तो आपल्या आजोळी परतला आहे!

जॅकार्डबरोबर चौकटींचा कागद आला आणि त्यातून शिकविण्याजोगे एक शास्त्र तयार झाले. समजा, कापडात इंचाला ८० उभे आणि ६० आडवे धागे आहेत. समान चौकटींच्या कागदावर गोल फूल काढले तर कापडावर ते उभट होते, कारण तितकेच उभे धागे कमी रुंदीत मावतात. म्हणून कागदाची चौकट त्याच प्रमाणात आखावी लागते. आजच्या पडद्यावरही हाच नियम आहे. आज्ञावलीला धाग्यांचा हिशेब दिला नाही तर पडद्यावरचे देखणे फूल मागावर ओळखू येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. नक्षीसाठी एखादा धागा फार लांबवर मोकळा सोडला, तर तो नेसणारीच्या बांगडीत अडकतो. चित्रात हा दोष दिसत नाही. तो पाहावयाचा तर नेसणारीचा हात, चाल, काम डोळ्यांपुढे आणावे लागते. १९५८ साली भारत सरकारसाठी अहवाल लिहिताना चार्ल्स आणि रे ईम्स यांनी साध्या लोट्याचा असाच विचार केला: तो उचलायचा कसा, डोक्यावर वा कमरेवर न्यायचा कसा, धुवायचा कसा. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. मुंबईत पवईच्या आयआयटीत १९६९ साली सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. चित्रकार प्रभाकर बरवे त्याआधीच विणकर सेवा केंद्रात दाखल झाले होते; १९६१ पासूनची काही वर्षे ते बनारसला विणकरांच्या सहवासात राहिले. चित्रकाराला मागाजवळ नेण्याची ती योजना मला फार शहाणपणाची वाटते.

आजची सुरत कृत्रिम धाग्याच्या साड्यांचे मोठे केंद्र आहे. विद्यार्थी एका क्षणात पदराचा रंग बदलतो, आणि एक धागाही न विणता साडी नेसलेली स्त्री पडद्यावर उभी करतो. ही सोय लहान नव्हे; पूर्वी नमुना विणून पाहण्यात दिवस जात. परंतु पडद्यावरच्या त्या स्त्रीला घाम येत नाही, ती लोकलमध्ये चढत नाही, आणि तिच्या पदराचे वजन तिच्या खांद्याला कळत नाही. नक्षी मागावर चढल्यावर धागा कोठे तुटतो, हे प्रथम समजते ते यंत्रावरच्या कारागिराला. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत असे काम करणारे पुष्कळजण जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेले आहेत. त्यांच्या मुलांसाठी सुरत महापालिका मराठी शाळाही चालविते. सुताच्या चौकटीत फुले बांधणाऱ्या नक्षाबंदांची नावे इतिहासाने जवळजवळ राखली नाहीत. या कारागिरांची नावे वर्गातील फळ्यापर्यंत पोहोचावयास मात्र कोणतीही अडचण नाही. अभ्यासक्रमातील आठवड्याचे दोन दिवस यंत्रमागाच्या कारखान्यात, त्यांच्या हाताखाली गेले तरी पुरे.