पॅरिशच्या वहीतील एक घराणे

राजेरजवाड्यांची वंशावळ भाट सांभाळतात. रोजंदारीवर राबणाऱ्याची कोणी सांभाळावी? इंग्लंडपुरते बोलायचे तर ते काम गावोगावच्या पाद्र्यांनी केले, आणि तेही नकळत. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. या वह्यांतून अठराव्या शतकातील एका घराण्याचा माग आज आपण काढू.

यॉर्कशरमधील मार्टन गावच्या वहीत ३ नोव्हेंबर १७२८ रोजी एका मुलाचा बाप्तिस्मा नोंदलेला आहे. मुलाचे नाव जेम्स. बाप जेम्स कुक, रोजंदारीचा मजूर. बस्स, एवढेच. आईचे नावसुद्धा नाही! ती ग्रेस पेस, हे कळण्यासाठी मागे १७२५ च्या लग्नापर्यंत जावे लागते. शिवाय वही विधीची आहे, जन्माची नव्हे. मूल जन्मले होते २७ ऑक्टोबरला.

याहून मोठा चकवा पंचांगाचा आहे. १७५१ पर्यंत इंग्लंडात कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे नोव्हेंबर १७२८ नंतर आलेला फेब्रुवारीही वहीत १७२८ चाच. हे ज्याच्या ध्यानात नाही, तो एखाद्या अर्भकाला जन्माआधीच पुरून मोकळा होईल. त्यातून हा मजूर मूळचा स्कॉटलंडमधील एडनमचा, आणि स्कॉटलंडने १६०० पासूनच १ जानेवारीला वर्षारंभ मानलेला. म्हणजे बापाचा शोध घेत सरहद्द ओलांडली की कालगणनाच बदलते.

आणखी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. निराधारांना तो माफ. त्या वर्षांच्या वहीत निराधार एकाएकी वाढलेले दिसले, तर गावावर दुष्काळ कोसळला असे समजण्याची घाई करू नये.

असो. मजुराचा हा मुलगा म्हणजेच दर्यावर्दी कॅप्टन कुक. २१ डिसेंबर १७६२ रोजी बार्किंगच्या चर्चमध्ये एलिझाबेथ बॅट्सशी त्याचे लग्न झाले. १७५४ पासून नव्या कायद्याने वधूवरांनी वहीत सही, ती येत नसेल तर फुली, करणे सक्तीचे झाले होते. तोवर पाद्र्यानेच नावे लिहिली की भागे.

पण मार्टनच्या वहीत ज्याचा बाप्तिस्मा सापडतो, त्याचे दफन इंग्लंडातील कोणत्याही वहीत सापडायचे नाही. १४ फेब्रुवारी १७७९ रोजी तो हवाई बेटावर मारला गेला आणि त्याचे अवशेष तिथल्याच उपसागराला अर्पण झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये म्हातारा बाप वारला. त्याला मार्स्क गावी पुरले. मुलाच्या मृत्यूची वार्ता लंडनला पोहोचली जानेवारी १७८० मध्ये. बाप गेला तो मुलगा जिवंत आहे असे समजूनच!

पुढची पिढीही वह्यांतून निसटत गेली. तीन मुले लहानपणीच दगावली. नॅथॅनिएल १७८० च्या वादळात जहाजासह बुडाला. ह्यू १७९३ मध्ये केंब्रिजला वारला, आणि पुढच्याच महिन्यात थोरला जेम्स पाण्यात बुडून गेला. या दोघांना केंब्रिजच्या सेंट अँड्र्यू द ग्रेट चर्चमध्ये पुरले. छप्पन्न वर्षांचे वैधव्य आणि सहाही मुलांचे मरण पाहून एलिझाबेथ १८३५ साली वारली. तिलाही मुलांजवळच, त्याच चर्चमध्ये पुरले.