तिसऱ्या उमेदवाराचे मत : फ्रेडरिक डग्लस आणि अमेरिकी निर्मूलनवाद्यांचा वाद

जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ते मराठी वाचकाच्या मनात एकदिलाने लढलेले लोक म्हणून उभे राहतात. अर्पणपत्रिकेत तसे होणे स्वाभाविक आहे. कृतज्ञता तपशिलात शिरत नाही. प्रत्यक्षात १८४० ते १८६० या वीस वर्षांत हे लोक दर चार वर्षांनी एकाच प्रश्नावर आपापसांत दुभंगत होते. अध्यक्षपदासाठी झुंजणाऱ्या दोन मोठ्या पक्षांपैकी एकालाही गुलामगिरी नष्ट करावयाची नसेल, तर मत कोणाला द्यावे? दोहोंतल्या कमी वाइटाला, निवडून येण्याची शक्यताच नसलेल्या तिसऱ्याला, की कोणालाच नाही? या वादातून पत्रे, भाषणे व संपादकीये यांचे विपुल गद्य निर्माण झाले. वाङ्मयेतिहासात मात्र त्यातील थोरोचा १८४९ चा निबंध तेवढा ठळकपणे उरला आणि उरलेल्याकडे राजकीय इतिहासाची कच्ची सामग्री म्हणून पाहिले गेले. डग्लसची संपादकीये या उपेक्षेत विशेष भरडली गेली.

त्या काळातील मतदानाची पद्धत ध्यानात घेतल्याखेरीज या वादाची धार कळत नाही. सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका तेव्हा नव्हती. अमेरिकेत ती १८८८ नंतरच रूढ होऊ लागली. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी स्वतः छापून वाटी आणि मतदार ती चारचौघांदेखत पेटीत टाकी. तिसऱ्या पक्षाची चिठ्ठी हाती धरणे म्हणजे शेजारी, मालक आणि गिऱ्हाईक यांच्यासमोर आपले मत जाहीर करणे होते. साहजिकच अशा मताला साक्षीचे रूप येई.

वादाला खरे तोंड फुटले ते १८४४ च्या निवडणुकीने. लिबर्टी पक्षाचे उमेदवार जेम्स बर्नी हे स्वतः पूर्वाश्रमीचे गुलाममालक. आपले गुलाम मुक्त करून ते चळवळीत आले होते. १८४० मध्ये त्यांना देशभरात सुमारे सात हजार मते पडली होती, १८४४ मध्ये ती बासष्ट हजारांवर गेली. मुख्य लढत डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स पोल्क आणि व्हिग पक्षाचे हेन्री क्ले यांच्यात होती. दोघेही गुलाममालक होते. पोल्क टेक्सासच्या विलीनीकरणाचे उघड पुरस्कर्ते, तर क्ले आधी विरोधी आणि मग दक्षिणेकडे पाहून शब्द सौम्य करीत गेलेले. न्यूयॉर्क राज्यात पोल्क ५,१०६ मतांनी पुढे राहिले. तेथे बर्नींना १५,८१२ मते मिळाली. न्यूयॉर्कची ३६ निर्वाचक मते क्लेंकडे गेली असती, तर अध्यक्षपद त्यांना मिळाले असते. पुढील वर्षी टेक्सास गुलामगिरीचे राज्य म्हणून संघराज्यात आले आणि १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले.

इलिनॉयमधील अब्राहम लिंकन नावाच्या एका व्हिग वकिलाने ऑक्टोबर १८४५ मध्ये विल्यमसन डर्ली या लिबर्टी पक्षाच्या समर्थकाला लिहिलेल्या पत्रात हाच हिशेब मांडला. चांगल्यासाठी वाईट करू नये, हे लिबर्टीवाल्यांचे बायबलमधून आलेले सूत्र. लिंकनने त्याला बायबलमधलीच, झाड फळावरून ओळखण्याची कसोटी लावली : क्लेंना मत दिल्याने गुलामगिरीचा विस्तार थांबला असता, तर ते मत वाईट कसे? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्याच पत्रात आपल्याला टेक्सासच्या प्रश्नात फारसे स्वारस्य नव्हते असेही लिंकन सांगून जातो. डर्लीपुढील पेच नेमका येथेच होता. फळाची ग्वाही देणारा माणूस त्या फळाविषयी स्वतः उदासीन होता. शिवाय तिसरा उमेदवार नसता तर त्याची मते क्लेंना पडलीच असती, हे गृहीत धरावे लागते. क्लेंना विजयासाठी बर्नींच्या मतांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मते हवी होती आणि बाकीच्यांनी घरीच राहावयास हवे होते. ते अशक्य नव्हते, इतकेच म्हणता येते.

विल्यम लॉइड गॅरिसन यांना हा सारा हिशेबच अमान्य होता. राज्यघटना हीच गुलामगिरीशी केलेला करार असल्याने तिच्याखाली मत देणे म्हणजे पापात भागीदारी, अशी त्यांची भूमिका होती. ४ जुलै १८५४ रोजी त्यांनी घटनेची प्रत जाहीरपणे जाळली. थोरोची मतदानाविषयीची तुच्छता याहून वेगळ्या मुळांतून आली असली, तरी मतापेक्षा असहकार श्रेष्ठ, या निष्कर्षावर दोघे एकत्र येतात.

डग्लस प्रथम गॅरिसनचाच अनुयायी होता. १८४८ मध्ये बफेलो येथे फ्री सॉइल पक्षाची स्थापना झाली तेव्हा तो तेथे उपस्थित होता. पण त्या पक्षाचे उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन म्हणजे अध्यक्ष असताना 'अमिस्ताद' जहाजावरील बंदिवानांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या सरकारचे प्रमुख. त्यांना सुमारे २,९१,००० मते पडली, निर्वाचक मत एकही नाही. १८५१ मध्ये डग्लसने गॅरिसनशी फारकत घेतली. घटना गुलामगिरीविरोधी अर्थाने वाचता येते, हे गेरिट स्मिथ यांचे मत त्याने स्वीकारले. ही घटना केवळ घटनामीमांसेची मानली जाते, परंतु तिच्यामागे आणखी एक कारण दिसते. न्यूयॉर्कमध्ये १८२१ पासून कृष्णवर्णीय पुरुषाला २५० डॉलरची स्थावर मालमत्ता असल्याशिवाय मताधिकार नव्हता. गोऱ्याला अशी अट पुढे उरली नाही. ज्याच्या समाजातील बहुतेकांना मत नाकारले गेले आहे, त्याने हाती आलेले मत शुद्धीसाठी टाकून द्यावे, हा उपदेश गोऱ्या माणसालाच सुचू शकतो. (स्त्रियांना तर ही निवडही नव्हती.)

एप्रिल १८५६ च्या संपादकीयात डग्लसने गुलामगिरीविरोधी मतदाराचे कर्तव्य काय, हाच प्रश्न शीर्षकात घातला. नवा रिपब्लिकन पक्ष नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखू पाहतो, पण असलेल्या राज्यांतील गुलामगिरीला हात लावत नाही. म्हणून मत त्याला नाही, हे त्याचे उत्तर. त्यानंतर रॅडिकल ॲबोलिशन पक्षाने स्मिथ यांना उमेदवारी दिली. ऑगस्टमध्ये मात्र डग्लसने रिपब्लिकन जॉन फ्रेमाँट यांच्या पाठीशी उभे राहत असल्याचे जाहीर केले. स्मिथ हे त्याचे स्नेही आणि त्याच्या पत्राचे आश्रयदाते असल्याने हे पाऊल सोपे नव्हते. या बदलाला चंचलता म्हणणारे अभ्यासक दोन्ही लेखांची घडण पाहत नाहीत. एप्रिलचा लेख कर्तव्याच्या व्याख्येपासून निघून निवडणुकीकडे येतो. ऑगस्टचा लेख तत्त्व तेच आहे असे बजावून लोकमताची आजची स्थिती आणि मताचे तत्काळ परिणाम विचारात घेण्याचा हक्क मागतो. येथे लिंकनच्या पत्रातील फळाची कसोटी आहे, मात्र ती लावणारा फळाविषयी उदासीन नाही. गुलाममालक कोणत्या पक्षाच्या विजयाला भितात, हे तो स्वतःच्या पाठीवरील वळांवरून जाणत होता.

फ्रेमाँट हरले. मार्च १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निर्णय दिला. १८६० च्या जूनमध्ये डग्लसने लिंकनच्या उमेदवारीचे कौतुक केले आणि त्याच्या विजयाची इच्छाही बाळगली. तरी ऑगस्टमध्ये पाठिंबा पुन्हा स्मिथ यांनाच दिला. १८५६ चा माणूस चार वर्षांनी मागे का फिरला? त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये अध्यक्षाच्या निवडणुकीबरोबरच मालमत्तेची अट काढून टाकण्याच्या प्रस्तावावरही मतदान होते आणि डग्लस त्यासाठी राबत होता. रिपब्लिकन प्रचारकांनी हा प्रस्ताव शक्यतो तोंडी येऊ दिला नाही. लिंकनने राज्याची सर्व ३५ निर्वाचक मते जिंकली. समान मताधिकाराचा प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. लिंकनला मत देणाऱ्या हजारो हातांनी प्रस्तावाविरुद्धची चिठ्ठीही टाकली होती, असा अर्थ या दोन निकालांतून निघतो. स्मिथ यांना दिलेला पाठिंबा निष्फळ होता, हे खरे. पण प्रस्तावाच्या प्रश्नावर डग्लसला ज्यांच्याबरोबर उभे राहता येईल असा मोठा पक्षच त्या वर्षी नव्हता.

न्यूयॉर्कमधील ती अट १८७० मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने संपली. दोन वर्षांनी ईक्वल राइट्स पक्षाने व्हिक्टोरिया वुडहल यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली आणि उपाध्यक्षपदासाठी डग्लसचे नाव त्याची संमती न घेता जाहीर केले. तो त्या वाटेला फिरकला नाही. १८७२ च्या त्या निवडणुकीत त्याने ग्रँट यांचा प्रचार केला आणि न्यूयॉर्कचा निर्वाचक म्हणून आपले मत त्यांनाच दिले.