मुकुंदराज नक्की कुठले?

मराठीचा आद्यकवी कोण? शाळेतल्या या एका मार्काच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना पाठ असतं: मुकुंदराज. ग्रंथ विवेकसिंधु, शके १११०, म्हणजे इ.स. ११८८. ज्ञानेश्वरीच्या तब्बल १०२ वर्षं आधी. मार्क मिळाला, विषय संपला. पण पुढचे साधे प्रश्न विचारून बघा. हे गृहस्थ राहायचे कुठे? यांचा राजा कोण? इथून खरी गंमत सुरू होते.

आधी दंतकथा. जैत्रपाळ नावाचा एक राजा होता. रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर मांड टाकेपर्यंत मला देव दाखवा, असा त्याचा हट्ट. (अशक्य डेडलाइन देणारे क्लायंट तेव्हाही होते!) जमलं नाही की रवानगी तुरुंगात. शेवटी मुकुंदराज आले, राजाला अनुभव दिला आणि सगळे कैदी सुटले.

आता दावेदार बघू. बीड जिल्ह्यातल्या अंबेजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. मध्य प्रदेशात बैतूलजवळच्या खेरल्यालाही समाधी सांगतात. तिसरं गाव आंभोरा. हे वैनगंगेच्या काठावर, नागपूर जिल्ह्याच्या टोकाला. नदी ओलांडली की भंडारा जिल्हा. इथे चैतन्येश्वराचं देऊळ आहे आणि मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतले हरिनाथ इथलेच, असं इथले लोक मानतात.

ग्रंथ काय म्हणतो? त्यात वैन्यागंगेच्या तीरावरच्या अंबानगरीचा उल्लेख येतो. 'अंबा' म्हटलं तर दोन्ही गावं बसतात, पण नदी बसत नाही. अंबेजोगाईपासून वैनगंगा सरळ रेषेतही शेकडो किलोमीटर लांब आहे. इथे आंभोऱ्याला एक गुण द्यावाच लागतो.

मग राजा. ग्रंथातली वंशावळ अशी: नृसिंहाचा बल्लाळ, बल्लाळाचा जैत्रपाळ. देवगिरीच्या यादवांत जैत्रपाळ आहे, पण तो भिल्लमाचा मुलगा. होयसळांत नृसिंहाचा मुलगा बल्लाळ आहे, पण त्याच्या गादीवर आला तो पुन्हा नृसिंहच. म्हणजे नावं ओळखीची, जोडणी जुळत नाही. म्हणून काही अभ्यासक खेरल्याच्या राजाकडे वळले.

आता तारीख. ग्रंथात शके १११० सोबत 'साधारण' संवत्सर दिलंय. हे तुम्हीही तपासू शकता. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १११० + १२ = ११२२, बाकी ४२. बेचाळिसावं संवत्सर 'कीलक'. 'साधारण' आहे चव्वेचाळिसावं, म्हणजे शके १११२. दोन वर्षांचा घोळ! उत्तरेकडची मोजणी वेगळी चालते, त्यामुळे एवढ्यावर तारीख खोटी ठरत नाही. पण आज हाती असलेल्या पोथ्या खूप नंतरच्या आहेत, त्यांची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा सोपी वाटते, आणि कालाची ओवी मागाहून कुणीतरी घातली असावी अशी शंका अभ्यासकांनी घेतलेली आहे.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपण दोन वेगळे प्रश्न एकात कालवतो. माणूस लिहितो एकीकडे आणि देह ठेवतो दुसरीकडे, यात नवल ते काय? ज्ञानेश्वरी नेवाशाला झाली, समाधी आळंदीला. मुकुंदराजांचं मूळ वैनगंगेकाठी आणि शेवट अंबेजोगाईला, असं का असू नये? समाधी हा शेवटाचा पुरावा झाला, सुरुवातीचा नव्हे.

'झाडीत कोण ग्रंथ लिहिणार' असं नाक मुरडणारेही भेटतात. त्यांनी त्याच वैनगंगेवरची, भंडारा जिल्ह्यातली पवनी बघावी. १९६९-७० मध्ये तिथे जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं आणि प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. मुकुंदराजांच्या कितीतरी शतकं आधी या काठावर विचार करणारी, दगडावर अक्षरं कोरणारी माणसं होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. पण पुणे-मुंबईच्या नकाशात भंडारा बहुतेक वेळा फक्त तांदळापुरता येतो. आपल्या भाषेचा पहिला ग्रंथ कदाचित तिथल्या पाण्याकाठी जन्मला असेल, तर तो नकाशा जरा उलगडून बघायला हवा. मुकुंदराज विदर्भाचे की मराठवाड्याचे हे भांडण चालू राहो बापडं. निदान भांडण्याआधी पोथी तरी उघडू या!